नवी वायर आणि बाबांचा श्वास

मित्रांनो, बाबांना जाऊन महिनाही झाला नाही. त्यांच्या खंजिरी भजनाची कॅसेट घेऊन आज हिंगणघाटला एका दुकानात स्पीकरची भारी वायर लावून ऐकायला गेलो.

दुकानदाराने आधी साधी वायर लावली, मग भारी. "आयका भाऊ, बाबा समोर बसले!"

खरंच, खंजिरीवर थाप पडण्याआधीचा बाबांचा श्वास ऐकू आला. पण दुकानदाराचा हात आवाजाच्या बटणावर होता.

"बटणाले हात लावू नका. मी पाठ फिरवतो, कोणती वायर ते सांगू नका."

"काऊन, भरोसा नाई माह्यावर?"

"तुमच्यावरबी नाई, माह्या कानावरबी नाई."

त्याने न सांगता दोन्ही वायरी लावल्या; दोन्ही वेळा श्वास तेवढाच स्पष्ट होता. वायर घेतली नाही.

मग घरी हीच कॅसेट ऐकताना तो श्वास इतकी वर्षं मला कधीच कसा ऐकू आला नाही? तुमचं असं झालंय का?