बोट ठेवून वाचणारी आक्का

धायरीच्या मुख्य रस्त्यावर जागा घेण्या-देण्याचं काम करणारी आक्का हातात आलेला कुठलाही कागद वाचल्याशिवाय खाली ठेवत नसे. गोळ्यांच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, लग्नपत्रिका, फरसाणाच्या पाकिटावरचा मजकूर, काहीही. ओळीखाली उजव्या हाताचं बोट धरायचं, ओठ हलवत पुढे सरकायचं आणि शेवटचा शब्द आला की त्यावर दोनदा टकटक करायचं. शाळा सातवीपर्यंत झालेली. समोरचा माणूस घाईत असला तर ती आणखी सावकाश वाचायची. “घाई हाय त्यानं उंद्या यावं,” म्हणायची.

आणि मी? मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेत होतो. निवृत्तीनंतर पगार थांबला, शोधणं थांबलं नाही. आक्काची आणि माझी ओळखही त्यातूनच झाली. तिच्या पत्र्याच्या शेडवर ‘जागा घेने देने’ अशी पाटी होती. त्या पाटीसमोरून मी आठ दिवस मान वळवून गेलो, नवव्या दिवशी राहवलं नाही. आत गेलो आणि म्हणालो, “बाई, ‘घेणे देणे’ असं पाहिजे. दोन्हीकडे बाणातला ण.”

पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, नाकावर चष्मा. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“किती जनं रोज ह्या रस्त्यानं जात्यात, काका?”

“असतील शेकडो.”

“बरुबर लिवलं असतं तर तुमी आत आला असता का? बसा. घ्यायचीय का द्यायचीय?”

द्यायची होती. तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला आमचा धायरीचा फ्लॅट विकून मला सदाशिव पेठेत परत जायचं होतं. माझा जन्म तिथला. वीस वर्षांपूर्वी धायरीत आलो तेव्हापासून मी प्रत्येकाला ‘सध्या धायरीत असतो’ असंच सांगत आलो. ते ‘सध्या’ वीस वर्षं टिकलं. पेठेतल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर मी घोषणाही करून टाकली होती, की दिवाळीपर्यंत मी परत येतोय. मित्रांनी माझ्यासाठी जिना चढून दोन जागा बघूनही ठेवल्या होत्या. घरी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सगळं व्यवस्थित कळवलं होतं. कळवणं आणि विचारणं यांत फरक असतो, हे शब्दांवर पोट भरलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आक्का घरी आली. खोल्या तिने पाच मिनिटांत बघितल्या आणि कागद मागितले. मग फ्लॅटचा करारनामा मांडीवर घेऊन बोट ठेवून वाचत बसली. तास झाला. सुमनने दोनदा चहा केला. मी मनात हसत होतो. शेवटी तिने मान वर केली.

“मालक कोन?”

“मी,” मी म्हणालो.

“न्हाई. पयलं नाव काकूंचं हाय. तुमचं खाली, दुसरं.”

मी कागद ओढून घेतला. खरंच होतं. सुमन बँकेत नोकरीला होती आणि कर्ज तिच्या बँकेचं, कमी व्याजाचं होतं. म्हणून नाव आधी तिचं लागलं होतं. हा करारनामा वीस वर्षं माझ्या कपाटात होता. लोकांच्या पुस्तकांतला अनुस्वार निसटू न देणाऱ्या मी स्वतःच्या घराचं पहिलं पान वाचलेलं नव्हतं.

आक्का माझ्याकडे पाठ करून सुमनसमोर बसली. “काकू, तुमाला इकायचंय का?”

सुमनने ट्रे खाली ठेवला. “विकायचंय. माझ्याच्यानं जिना चढवत नाही आता. पण मी सदाशिव पेठेत जाणार नाही.”

“का?” हे मी विचारलं.

“लग्नानंतर बावीस वर्षं तिथे काढलीत मी. सात माणसं, एक नळ. पहाटे साडेचारला पाणी भरून मग बँकेत जायची. तुम्हाला ते दिवस फार आवडतात, कारण पाणी तुम्ही भरत नव्हतात. मला इथेच, धायरीतच, तळमजल्यावर जागा हवी. दारात थोडी माती असली तर बरं.”

एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं. मी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, तर आक्का म्हणाली, “काका, आता धनीनबाय बोलत्यात.”

मग विक्री सुरू झाली आणि तिच्यात सगळ्यात मोठा अडथळा मी ठरलो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आयटीतलं एक तरुण जोडपं. हॉल बघून मुलगी म्हणाली, “किती एअरी आहे ना!” मी म्हणालो, “हवेशीर.” नवरा म्हणाला, “व्हेंटिलेशन मस्त आहे.” मी म्हणालो, “वायुवीजन.” चार-पाच शब्दांनंतर ती दोघं एकमेकांशी खुणांनीच बोलू लागली आणि खुणांनीच निघून गेली. दुसऱ्या एका गृहस्थांनी न्हाणीघराच्या छतावरच्या डागाबद्दल सहज विचारलं. त्यांना मी त्या गळतीचा पूर्ण इतिहास, वरच्या मजल्यावरच्यांच्या स्वभावासकट, पाऊण तास सांगितला. गळती केव्हाच थांबली होती, हे सांगण्यापर्यंत ते थांबलेच नाहीत.

आक्काने मला बाजूला घेतलं. “काका, घर चांगलंय. एकच दोष हाय त्याच्यात.”

“कोणता?”

“तो चपला घालून कोथिंबीर आनायला गेला, तर घर इकंल.”

त्यानंतर गिऱ्हाईक यायचं ठरलं की मला कोथिंबीर आणायला पाठवण्यात येऊ लागलं. त्या महिन्यात आमच्या घरी कोथिंबिरीच्या वड्या, चटणी, पराठे आणि पुन्हा वड्या झाल्या. अकराव्या जुडीला घर विकलं गेलं. मी भाजीवाल्याशी हुज्जत घालत असताना सुमनने एका शाळेतल्या बाईंना आणि त्यांच्या आईला घर दाखवलं, खिडकीतून दिसणारा डोंगर दाखवला आणि चहा दिला. एवढंच. मी परत आलो तेव्हा व्यवहार ठरला होता आणि मला पेढा मिळाला.

नोंदणीच्या दिवशी मात्र मी माझ्या विद्येचा प्रताप दाखवलाच. वकिलांनी खरेदीखताची सह्यांसाठी तयार केलेली प्रत हातात दिली आणि माझ्या खिशात लाल पेन होतं. दहा मिनिटांत मी ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका दुरुस्त केल्या, समासात खुणांसहित. वकिलांचा चेहरा बघून मला वाटलं, कौतुक वाटतंय. मग कळलं, की तो कागद आता वाया गेला. सगळं पुन्हा छापून आणावं लागणार होतं. शाळेतल्या बाईंची अर्ध्या दिवसाची रजा माझ्या वेलांट्यांत गेली.

नवी प्रत आली, ती आक्काने हातात घेतली. मागे रांग खोळंबली होती, कोणीतरी “आवरा हो मावशी” म्हणालं. बोट चालत राहिलं आणि चौथ्या पानावर थांबलं. “घर तीनशे दोन हाय ना? हितं दोनशे तीन लिवलंय.” सतरा चुका काढणाऱ्या माझ्या डोळ्यांनी हा आकडा सरळ ओलांडला होता. आक्का नसती तर आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचं घर विकून मोकळे झालो असतो.

नवी जागा तिनेच शोधून दिली. तळमजला, मागे चार पावलांचं अंगण. जुन्या घरापासून अंतर चारशे पावलं, मी मोजलंय. कट्ट्यावर मित्रांनी विचारलं, “झालं का स्थलांतर? व्हिसा मिळाला?” मी आता ‘सध्या’ हा शब्द वापरत नाही.

व्यवहार संपला तरी आक्काचं येणं-जाणं राहिलं. पुढच्या श्रावणात ती एका दुपारी आली ती थेट माझ्याकडे. पिशवीतून कागद काढला. “म्या वाचलाय. पर तुमी वाचा मोठ्यानं. मला ऐकायचाय.”

ते हक्कसोडपत्र होतं. ओढ्याकाठच्या नऊ गुंठ्यांतला आपला हिस्सा ती दोघा भावांच्या नावे राजीखुशीने सोडत आहे, असा मजकूर. मी वाचून संपवलं. एकही वेलांटी खटकली नाही, की खटकून घ्यायचं सुचलं नाही.

मग तिने सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा भावांनी दिवाळीला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर असाच एक कागद पुढे केला. “वाचाया काय झालं व्हतं मला? येत व्हतं की वाचाया. पर भावाचा कागद कोन वाचतंय? केली सही. हिरवं लुगडं दिलं.” नंतर नवरा अकाली गेला. ती मुलीला घेऊन माहेरी परतली, तेव्हा वडिलांच्या भुईमुगाच्या रानात इमारती उभ्या होत्या. पोटासाठी ती त्याच इमारतींतल्या खोल्या लोकांना दाखवू लागली. आमचं तीनशे दोन त्याच रानात होतं. म्हणजे वीस वर्षं मी ज्या जमिनीवर उसासे टाकत राहिलो, ती तिच्या एका न वाचलेल्या सहीने गेलेली होती. आणि तिच्या पाटीतला ण मी दुरुस्त करायला गेलो होतो.

“आता ही ऱ्हायलेली पट्टी,” ती म्हणाली. “सही न्हाई केली तर माहेर तुटतंय. काय करू?”

मी कागद तिच्या हातात परत दिला. सुमन तिच्या शेजारी जाऊन बसली. आक्काने कागदाची घडी केली. “नऊ गुंठं, आमी तिघं. तीन माझं,” ती म्हणाली आणि उठली.

सही तिने केली नाही. तलाठ्याकडे आणि तहसिलीत दीड वर्ष खेपा घातल्या. त्या वर्षी भाऊबीजेला तिला कोणी बोलावलं नाही. सकाळीच ती आमच्याकडे आली, सुमनबरोबर पिशवीभर मटार सोलला आणि दिवेलागणीला निघून गेली. दिवसभर टीपॉयवर वर्तमानपत्र पडलं होतं, त्याची घडीही तिने मोडली नाही.

तीन गुंठे मिळाले. मग तिने शेड बंद केली आणि चहूबाजूंच्या इमारतींमध्ये मेथी, कांदा, थोडा भुईमूग लावला. भाऊ बांधापलीकडून बघून जातात. बोलणं अजून नाही. धाकट्याची बायको अधूनमधून भाजी न्यायला येते, तेवढंच.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो तेव्हा बांधावर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता, एका बिल्डरचा. त्याच्या हातात कराराचा मसुदा होता. आक्का वाफ्यात बसून खुरपत होती, हात मातीने भरलेले. “काका, बरं झालं आलात,” ती म्हणाली. “वाचा जरा.”

मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि उन्हात उभा राहून सहाही पानं वाचली, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत. दोन फ्लॅट, वर रोख, पार्किंग, सगळं होतं त्यात. आक्का खुरपता खुरपता ऐकत होती. तो माणूसही अदबीने ऐकत होता. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर माझा आवाज बसला.

“लई ग्वाड वाचता, काका,” ती म्हणाली. “आता द्या त्याचं त्याला परत.” आणि दुसऱ्या वाफ्याकडे सरकली.