सोमवारचा भाग

मला मालिका आवडतात. पन्नाशीच्या पुरुषाने पुण्यात हे वाक्य उच्चारलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे घरच्यांबरोबर बघाव्या लागतात, असं ना?" तसं नाही. मी आवडीने बघतो. सदाशिव पेठेतल्या ज्या लॅबमध्ये मी रक्त तपासतो, तिथले एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले होते, "आपण शिकलेले दिसता, म्हणून नवल वाटलं." पुण्यात अपमानसुद्धा अहो-जाहो करून होतो. मी त्यांना म्हटलं, नवल वाटू द्या, साडेआठला मात्र मला फोन करू नका.

लोक मालिकांना जी नावं ठेवतात, ती सगळी मला मान्य आहेत. एक बाई दोन आठवडे एकच पत्र शोधते. एखादा भाऊ अचानक परदेशी जातो, म्हणजे त्या नटाला दुसरीकडे काम मिळालेलं असतं. दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या वाड्यांना एकच जिना असतो, आणि तो मी ओळखतो. पण सिनेमातली माणसं तीन तासांत आपली होऊन निघून जातात. मालिकेतली माणसं रोज येतात. त्यांची दुखणी, भांडणं, बाळंतपणं आपल्या जेवणाच्या वेळेला होतात. मी लग्न केलं नाही. घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. त्यामुळे आमच्याकडे भरलेलं घर असायचं ते टीव्हीतच.

बाबा खडकीला कारखान्यात होते. निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून आम्ही कात्रजला फ्लॅट घेतला. इथे आल्यावर सुरुवातीला त्यांनी मालिकांशी शत्रुत्व पत्करलं. आम्ही बघत असताना ते तोंडासमोर पेपर धरून बसायचे. "काय ही रडारड," असं पेपरामागून यायचं. पण पेपरचं पान उलटलं जात नाही, हे आईच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, खाली घ्या तो पेपर. आम्ही कुणाला सांगणार नाही." त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, आणि तिथून पुढे अठरा-वीस वर्षं ते आमच्यात बसले.

साडेआठच्या आत कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असायच्या. आई दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत बसायची. बोलायचं ते फक्त जाहिराती लागल्यावर. तेव्हा बाबा पुढे काय होणार ते सांगायचे, आणि त्यांचा अंदाज नेहमी चुकायचा. चुकला की म्हणायचे, "लेखकाला अक्कल नाही."

शेवटी आम्ही जी मालिका बघत होतो, तिची गोष्ट साधी होती. गावातल्या एका मोठ्या घरातली थोरली मुलगी जमिनीच्या वादात वडिलांच्या विरोधात कोर्टात उभी राहिली. वडील म्हणाले, या घराचं दार तुला बंद. बारा वर्षं लोटली. म्हातारा खंगला, पण नाव काढलं की उठून जायचा. आता ती मुलगी परत यायला निघाली होती. म्हातारा तिला दार उघडतो की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. बाबांचं म्हणणं होतं, नाही उघडणार. आईचं म्हणणं होतं, उघडेल, पण बोलणार नाही.

त्याच सुमारास बाबांच्या फुप्फुसांचं दुखणं बळावलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आई हट्टाने रात्रंदिवस त्यांच्यापाशी राहिली. मी संध्याकाळी जायचो, पण आठ वाजत आले की ऑक्सिजनच्या मास्कमुळे बाबा हातानेच खूण करायचे, तू निघ. मोबाइलवर दाखवतो म्हटलं तर नको म्हणाले. मास्कवर चष्मा बसायचा नाही, आणि एवढ्याशा काचेत माणसं कोंडल्यासारखी वाटतात, असं त्यांचं मत होतं. तेव्हा ठरलं ते असं: मी घरी जाऊन नीट टीव्हीवर बघायचं आणि सकाळी डबा घेऊन गेलो की दोघांना सांगायचं.

मी आयुष्यात इतक्या मन लावून काही केलेलं नाही. कोण काय बोललं, कुणाचा चेहरा पडला, सगळं सांगायचो. आई गरम पाण्यात पंचा भिजवून त्यांचे हात पुसत ऐकायची. बाबा डोळे मिटून पडलेले असायचे. झोपले असतील म्हणून मी थांबलो की बोट हलवायचे, चालू दे.

शुक्रवारच्या भागात मुलगी दारात येऊन उभी राहिली. शनिवारी अख्खा भाग तिने कडीकडे हात नेण्यात गेला. मधल्या वेळात तिचं लहानपण, तिचं शिक्षण, कोर्टाच्या पायऱ्या, सगळं पुन्हा दाखवून झालं. रविवारी सकाळी मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी मास्क बाजूला करायला लावला.

"उघडलं का?"

"नाही अजून. उद्या उघडेल."

"नक्की?"

"आता किती ताणणार? उद्या नक्की."

मरणाच्या दारात माणसाला मोठे प्रश्न पडतात म्हणतात. बाबांना हा पडला होता. रविवारी संध्याकाळी मी निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, "उद्या ना?" रविवारी मालिका नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सोमवारी दुपारी ते गेले.

संध्याकाळी आम्ही सगळं उरकून घरी आलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, पेठेतून येऊन घर सांभाळत होती. तिने हॉलच्या कोपऱ्यात तेलाचा दिवा लावून ठेवला होता आणि समोरच्या टीव्हीवर चादर टाकली होती. तेरा दिवस ती आमच्याकडेच राहिली. आत्या वाईट नाही. पाहुण्यांचा चहा, सुतकाचे नियम, आईचं खाणंपिणं, सगळं तिनेच बघितलं. पण तिची नजर कुठेही पोचायची, आणि आमच्या घराला तिच्या नजरेची भीती पहिल्यापासून होती.

चौथ्या दिवशी दुपारी आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "त्या मालिकेचा सोमवारचा भाग लावता येईल का रे? हॉलमध्येच. आवाज बारीक करून."

मी काही बोलायच्या आत बाहेरून आत्याचा आवाज आला. "वहिनी, दिवसांत टीव्ही लावलेला मी तरी कुणाकडे पाहिलेला नाही. तुमच्याकडे पद्धत असेल तर लावा."

आई ओट्याकडे वळली. मला खरं तर आईची बाजू घ्यायला हवी होती. माझा असल्या विधिनिषेधांवर विश्वास नाही. रक्ताच्या बाटल्यांत आयुष्य गेलेला माणूस मी, माणूस मेला म्हणजे काय झालं हे मला नीट माहीत आहे. पण मी म्हणालो, "आई, तेराव्यानंतर बघू. मोबाइलवर सगळे भाग असतात. कुठे पळून जात नाही तो."

"बरं," आई म्हणाली.

त्याच दुपारी मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो, कानात इयरफोन घातले आणि सोमवारचा भाग पाहिला. हे लिहितानाही मला लाज वाटते. आईला नाही म्हणून दोन तासही झाले नव्हते. पण मला राहवत नव्हतं. मी या मालिकेचा वेडा होतो, बाप गेला म्हणून ते वेड गेलं नव्हतं.

त्या भागात मुलगी कडी वाजवते. आतून काहीच उत्तर येत नाही. ती परत फिरते, पायऱ्या उतरते, आणि तेव्हा आतून म्हाताऱ्याचा आवाज येतो, "लोट. उघडंच आहे." बारा वर्षं ते दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कडी कधी घातलीच नव्हती. ती दार ढकलते, आणि भाग संपतो.

मी हमसून हमसून रडलो. बाबा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. रडलो तो टाकीशेजारी, त्या खोट्या म्हाताऱ्यासाठी. बाबांचा अंदाज याही वेळी चुकला होता, आणि ते त्यांना सांगायची सोय राहिली नव्हती. तोंड धुऊन खाली आलो. आई दिव्याशेजारी बसून वात सारखी करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वातीकडे पाहिलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं. आत्या शेजारच्या खोलीत फोनवर होती. "आज तरी लावतोस का तेवढं? आज शेवटचं विचारते."

मी दिवसभर दहाव्याच्या तयारीत दमलो होतो. मी म्हणालो, "आई, बाबांना जाऊन आठवडा झाला आणि तुला मालिका सुचते?"

मी जे पाहून आलो होतो, त्यासाठीच मी तिला बोललो. असा प्रसंग कुणी मालिकेत लिहिला असता तर मी म्हटलं असतं, एवढा नीच मुलगा दाखवू नका, पटत नाही.

दहाव्याला आम्ही पुरुष मंडळी घाटावर गेलो. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याचं काही मागे राहिलं नाही, तो सुखाने गेला, असं मानतात. कावळे होते. समोरच्या झाडावर पाच-सहा बसले होते. एकही खाली येईना. दुसऱ्या घरच्या पिंडाला शिवून उडाले, आमच्याकडे बघेनात. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल मनात. मुलाने बोलावं." मी हात जोडून म्हणालो, "आईला सांभाळीन." कावळे हलले नाहीत. कुणी म्हणालं, आत्याचं नाव घ्या, कुणी म्हणालं, फ्लॅटचं बोला. मी सगळं बोललो.

आणि काय बोलायचं ते मला माहीत होतं. माझ्या जिभेवर होतं. बाबा, दार उघडंच होतं. इतकेच शब्द. पण भोवती आठ-दहा माणसं होती, धोतर नेसलेले गुरुजी होते, आणि मी बापाच्या पिंडासमोर मालिकेची गोष्ट सांगितली असं पुढे घरोघर गेलं असतं. शिवाय माझा यावर विश्वास नव्हताच, असं मी स्वतःला सांगितलं. तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परत येताना गाडीत सगळ्यांनी ठरवलं, वहिनींना सांगायचं नाही.

दारात आत्याने विचारलं, "शिवला?"

"हो, लगेच," मी म्हणालो. आईने आतल्या खोलीतून माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

तेरावा झाला. पाहुणे गेले, आत्याही गेली. जाताना तिने टीव्हीवरची चादर काढून घडी केली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. त्या संध्याकाळी साडेआठ वाजता मी टीव्ही लावला, सोमवारचा भाग शोधून काढला आणि आईला हाक मारली. मी पहिल्यांदाच बघतोय असं दाखवायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

आई येऊन बसली, पण तिने माझ्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"मला बघायची हौस नव्हती रे," ती म्हणाली. "दहाव्यापर्यंत माणूस घरातच असतो, दिव्यापाशी. टीव्ही समोरच होता. लावला असता तर त्यांना कळलं असतं, एवढंच माझ्या मनात होतं. वन्संसमोर हे कसं बोलणार? वेड लागलं म्हणाल्या असत्या."

मला तिच्याकडे बघवेना.

"तू गच्चीवर पाहून आलास, ते मला कळलं होतं. डोळे सुजलेले होते तुझे. आधी राग आला. मग म्हटलं, बरं झालं, याला माहीत आहे, हा सांगेल. कावळा लगेच शिवला म्हणालास, तेव्हाच ओळखलं मी. तूच सांगितलंस ना त्यांना, घाटावर?"

"हो," मी म्हणालो.

आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. तिने डोळे पुसले आणि भात टाकायला उठली. मी म्हटलं, "तुला सांगतो ना, काय झालं ते."

"नको," ती म्हणाली. "मी गेले की तेच सांगतील मला."

याला चार वर्षं झाली. आई आता ऐंशीची आहे. आम्ही दोघं साडेआठला टीव्हीसमोर बसतो, नवीन मालिका आहे, तिलाही आवडते. त्या जुन्या मालिकेचा विषय निघाला की ती हात वर करून मला थांबवते, सांगू नकोस म्हणते, आणि हसते. माझा अजूनही यातल्या कशावर विश्वास नाही. तरी रोज संध्याकाळी मनात येतं की हिला खरं सांगून टाकावं. दार उघडंच होतं, हे बाबांना माहीत नाही.