गुलाबी न होणारा कापूस

सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक काळ्या दगडाला माझ्या मामेसासऱ्यांनी एकदा तरी 'तू कुठला?' असं विचारलेलं आहे. यात अतिशयोक्ती असलीच तर थोडीशी. रस्त्याकडेची खडी, विहिरीतून निघालेले धोंडे, कुणाच्या अंगणात तुळशीपुढे मांडलेले गोटे, कशावरूनही त्यांची नजर नुसती पुढे गेलेली नाही. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक त्यांनी काठीच्या टोकाला बसवून घेतला आहे. काठी एखाद्या दगडाकडे ओढली गेली की मामा थांबतात, आणि बरोबरच्या माणसाला पुढचा अर्धा तास काहीच काम नाही, असं गृहीत धरतात. आमच्याकडचा काळा दगड मुळातच चुंबकाकडे थोडा झुकतो, त्यामुळे असे अर्धे तास फार येतात. एकदा भाजी आणायला म्हणून आम्ही दोघं निघालो, ते दुपारी जेवायच्या वेळेला रिकामी पिशवी घेऊन परतलो. रिकामी म्हणजे भाजीपुरती. दगड होते.

मामांनी अख्खी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात निकेल चढवण्यात घालवली. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, यंत्रमागाचे सुटे भाग. काळं लोखंड टाकीत बुडवायचं आणि चकचकीत करून बाहेर काढायचं. आकाशातून पडणाऱ्या दगडातल्या लोखंडात निकेल आपसूकच असतं, हे त्यांना निवृत्तीनंतर कुठंतरी वाचायला मिळालं. "कुणी न चढवलेलं निकेल, सूनबाई," ते मला म्हणाले. एखाद्या गवयानं न शिकता गाणाऱ्या पोराबद्दल बोलावं, तसा त्यांचा आवाज झाला होता.

मग घरातच तपासणी सुरू झाली. दगड कानशीनं घासायचा, तो कीस थेंबभर अ‍ॅसिडमध्ये भिजवायचा, त्यात कापसाचा बोळा टेकवायचा, वर अमोनिया आणि एका पांढऱ्या पावडरीचं पाणी सोडायचं. निकेल असेल तर कापूस गुलाबी होतो. नसेल तर होत नाही, आणि तो कधीच होत नसे. अमोनियाचा वास मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. मामी म्हणायच्या, "लग्नात पाठवणीला रडले न्हाय, ती कसर हितं रोज भरून निघतीय."

गावोगावची माणसं आकाशातून पडलेला समजून त्यांच्याकडे दगड घेऊन येतात. कुणी पंच्यात गुंडाळून, कुणी डब्यात घालून. त्यांना नाही म्हणताना मामांच्या जिवावर येतं. म्हणून ते नकार कानडीत देतात. "इल्ला," म्हणतात, अगदी हळू. समोरच्याला कानडी येत असो वा नसो, त्यांच्या मते कानडीत ते कमी लागतं.

स्वतःहून दिलेल्या निकालांना मात्र ही सवलत नाही. माझ्या चुलत दिराच्या सुपारीत मुलीकडच्यांनी चांदीचा म्हणून एक पेला मांडला होता. मामांनी खिशातून बोळा काढला, पेल्याच्या बुडाला हलकेच फिरवला आणि बाटलीतला थेंब सोडला. बोळा गुलाबी झाला. "निकेल हाय," भर बैठकीत मामा खुश होऊन म्हणाले. ते खुश झाले होते ते पावडर अजून ताजी आहे म्हणून. हे मुलीच्या वडिलांना समजावून सांगेपर्यंत चहा तीनदा गरम करावा लागला. लग्न झालं, पण मामांना पंगतीत त्या लोकांपासून लांब बसवलं.

तीन वर्षांपूर्वी करकंबचा एक बागायतदार उसाच्या रानात सापडलेला दगड घेऊन आला. जड, काळा, वरून भाजल्यासारखा. मामींनी स्वयंपाकघर बंद केल्यामुळे तपासणी आमच्याकडे होती. येताना मामांची चिनी मातीची वाटी फुटली, म्हणून मी त्यांना घरातली एक वाटी दिली. कीस अ‍ॅसिडमध्ये घालून आम्ही सगळे चहा प्यायलो. मग त्यांनी बोळा टेकवला, थेंब सोडले, आणि कापूस गुलाबी झाला. लहान मुलीच्या रिबिनीसारखा.

मामांनी बोळा खिडकीच्या उजेडात धरला. मग "हाय," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन तोंड धुऊन आले. संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या इमारतीत पेढे वाटून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते दारात उभे. "कालची वाटी बघू," म्हणाले. वाटीच्या तळाला राखाडी डाग पडला होता. मामा तो डाग अंगठ्यानं चोळत राहिले.

"स्टीलची हाय की ही. स्टीलमधी निकेल असतंय. अ‍ॅसिडनं ते तुज्या वाटीतनं काढलं, दगडातनं न्हाय." वाटी खाली ठेवत म्हणाले, "जन्मभर ह्येच काम केलं, आन मलाच कळू नये."

काचेच्या पेल्यात पुन्हा करून पाहिलं. कापूस पांढराच राहिला. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही, असं म्हणून ते करकंबला निघाले. वाटी माझी होती, म्हणून मीही गेले. बागायतदारानं दगड देवळीत ठेवून हार घातला होता. मामांनी हात जोडून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय झालं? आमच्या रानातला तर हाय की. बसलाय तितं, बसू द्या. तुमी जेवून जावा."

परतीच्या एसटीत मामा खिडकीबाहेर बघत होते. मी सहज विचारलं, "एवढं कशासाठी करता, मामा?"

"तुज्या सासूनं बघितलं हुतं," ते म्हणाले.

अक्कलकोटच्या पुढं त्यांचं गाव. ही दोघं भावंडं तिन्हीसांजेला रानातून घरी येत होती. मामा पायातला काटा काढायला वाकले, आणि त्याच वेळी अक्कानं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आकाशातून एक जळता गोळा बांधापलीकडे पडताना पाहिला. मामांनी मान वर केली तेव्हा काहीच नव्हतं. घरी वडिलांनी विचारलं, तू बघितलास का? "मी न्हाय म्हटलं. ते खरं हुतं. पण उशीर झाला म्हणून मार बसंल, ह्या भ्यानं वर म्हटलं, तितं काय न्हवतंच, ही उगं सांगती." पुढं प्रत्येक लग्नकार्यात अक्काच्या त्या गोळ्यावरून तिची चेष्टा झाली. "सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो," मामा म्हणाले. माझ्या सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी पहिला दगड घासला होता.

आता मामांचे डोळे अधू झालेत. आकार दिसतात, फिके रंग कळत नाहीत. म्हणून दर रविवारी मी जाते आणि बोळ्याचा रंग सांगते. खोटं बोलावं असं मला कितीदा तरी वाटलं. एकदा 'गुलाबी' म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण ते मान किंचित कलती करून इतक्या विश्वासानं वाट बघत होते, की "पांढरा, मामा," असंच बाहेर पडलं.

गेल्या रविवारी असाच एक बोळा पांढरा राहिला. मामांनी बाटलीचं बूच लावलं आणि विचारलं, "अक्का तुलाबी सांगायची न्हवं त्या गोळ्याचं? कुठल्या अंगाला पडला म्हणायची? विहिरीकडच्या, का वढ्याकडच्या?"

सासूबाईंनी मला ते खूपदा सांगितलं होतं. त्या ओट्याशेजारी पाटावर बसून हात लांब करून दाखवायच्या, आणि मी भाकरी थापत, पाठ न वळवता, "हो का, हो का," म्हणत असे. मी डोळे मिटून त्यांचा तो हात आठवायचा प्रयत्न केला. बांगड्यांचा आवाज आठवला. हात कुठल्या दिशेला होता, ते मी पाहिलंच नव्हतं.

"नाही आठवत, मामा."

"हूं," ते म्हणाले. मग त्यांनी चाचपडत पुढचा दगड उचलला आणि कानस हातात घेतली.