गुंडाळीचे शेजारी

माझ्या आतोबांइतका शंकेखोर माणूस कावेरीच्या दोन्ही तीरांवर शोधूनसुद्धा सापडायचा नाही. फोन म्हणाला पाऊस येणार, की हे खिडकीतून हात बाहेर काढून बघणार. आत्याने पायसमात गूळ घातलाय म्हटलं तरी पळीभर चाखणार. एकदा तर लिटरच्या पितळी भांड्यात खरोखर लिटर मावतं का, हे पाहायला दुकानात घरून पाण्याची बाटली घेऊन गेले. 'कोण सांगिटलें?' हा आमच्या तंजावरी मराठीतला त्यांचा ठेवणीतला प्रश्न. जन्मभर बंगळूरला रेडिओच्या चिप आखल्या आणि निवृत्त होऊन कुंभकोणमला परतले. प्रश्न मात्र निवृत्त झाला नाही.

मीही त्याच धंद्यात शिरले. माझी पहिलीवहिली चिप कारखान्यात जायच्या आधी चार दिवस सुट्टीवर कुंभकोणमला गेले होते. त्या चिपवर माझी नोकरी पक्की व्हायची होती. मोठ्या तोऱ्यात आतोबांना लॅपटॉप दाखवला. चिपवरचा इंडक्टर म्हणजे धातूची बारीक गुंडाळी. कुठल्या लहरी पकडायच्या ते तीच ठरवते. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये सगळं अगदी बिनचूक येत होतं.

"ही एकटीच राहते काय गे?" आतोबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अय्यो, शेजारी या धातूच्या पट्ट्या आहेत ना? त्या गप्प बसतील, कोण सांगिटलें?"

"आतोबा, गुंडाळीचं मॉडेल कारखान्यानंच दिलंय!"

"दिलेलें काय? मग बघूंयाच."

असा संताप आला मला! पण बघितलं. शेजारच्या पट्ट्या धरून सिम्युलेशन पुन्हा चालवायला दोन दिवस लागले आणि निघालं काय? चिप हव्या त्या लहरींपासून चांगलीच दूर सरकली होती. तशीच बनली असती तर रेडिओ मुका आणि मी घरी. साहेबांना फोन करून मुदत मागितली. आतोबा आपले मजेत पेल्यातून वाटीत कॉफी वरखाली करत बसले होते.

"माझी पहिली चिप मुकीच आली होती गे," एवढंच म्हणाले.

चिप बनून आली तेव्हा पेढे घेऊन कुंभकोणमला गेले. आतोबांची नजर तोवर पार मंदावली होती.

"मोजलीस?"

"मोजली. बरोबर लागते."

मी वाट पाहत राहिले. आकड्यांचा कागदसुद्धा पिशवीतून काढून ठेवला होता.

"सरी, सरी," असं तमिळमध्ये 'ठीक आहे' म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

त्यांनी विश्वास ठेवला याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी एकदा तरी 'कोण सांगिटलें?' असं उलट विचारायला हवं होतं.