आईनं न घेतलेलं नाव

मित्रहो, आज घरचा जुना कॉम्प्युटर उघडला, पण माझा जीव थाऱ्यावर नाई.

उद्या बाबांची तेरवी. त्यांचा एकच चांगला फोटो, तो ह्या कॉम्प्युटरमध्ये. दुकानं बंद व्हायच्या आत चामोर्शीच्या स्टुडिओत न्यायचा होता. पासवर्ड बाबांनी मले सांगितला होता. मी विसरलो.

घरातल्या सगळ्यांची नावं टाकून पाह्यली. उघडेना.

आई सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आजी त्याईले लहानपणी ज्या नावानं बोलवे, तेच टाकलं हाये."

"कोणतं नाव?"

ती तांदूळच निवडत राह्यली. तिच्याशिवाय ते नाव माहीत असलेलं आता कोणीच नाई. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाई, हे मले काय माहीत नव्हतं? तरी तेरवीले आलेल्या पाहुण्यांसमोर ओरडलो, "सांग न आई! आता कोणाले लाजतं? बाबा तर गेले!"

आईनं सुपातले तांदूळ हातानं सारखे केले. त्यात बोटानं नाव लिहिलं. मी वाचल्याबरोबर तिनं ते पुसून टाकलं.

मी टाइप केलं. पडद्यावर नावाच्या जागी नुसते काळे ठिपके आले अन् कॉम्प्युटर सुरू झाला.

त्या डबड्यानंही बाबांचं नाव झाकून ठेवलं. मले काऊन नाई जमलं?

फोटो देऊन आत्ताच घरी आलो. तेच तांदूळ शिजले आहेत. आई मले जेवायले हाक मारून राह्यली.

सांगा, कोणत्या तोंडानं जाऊ?