देव्हाऱ्याशेजारचा गोरा साहेब

वडील मोठ्या लढाईवरून परतले तेव्हा ट्रंकेत एक फोटो घेऊन आले. गोरा साहेब, अंगात वर्दी, ओठात सिगारेट, गालावर एकाच बाजूनं उजेड. हा कोण, असं मी लहानपणी विचारलं तर "साहेब" एवढंच म्हणाले. पुढं ते गेले. त्यांचा स्वतःचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून मी साहेबालाच काच बसवून देव्हाऱ्याशेजारी टांगलं. खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ यांची पूजा झाली की एक झेंडूचा हार साहेबाला. गोळी लागलेल्या या साहेबाला वडिलांनी पाठीवर घेऊन नदी पार केली, असं मी गावाला सांगत आलो. नदी माझी. वडिलांनी नदीचा विषय कधी काढला नव्हता.

भर लढाईतही साहेबाच्या वर्दीची इस्त्री मोडली नव्हती. आम्ही ती शिस्त समजलो.

औंदा गावात फौजींच्या आठवणींची खोली झाली. फोटो मागायला पेन्शनीतला सुभेदार आला. आम्ही एका वर्गात होतो. मी चौथीत शाळा सोडली, तो शिकला, आणि हे त्यानं मला कधी विसरू दिलं नाही. काच पुसायला फ्रेम उघडली तर फोटोच्या पाठीवर इंग्रजी छापलेलं. सुभेदारानं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग हळूच सांगितलं की हा विलायतेतला सिनेमानट, आणि हे त्याच्या सिनेमाच्या जाहिरातीचं चित्र.

"पाठ भिंतीकडंच असती गड्या. मी कुणाला बोलत न्हाई. शब्द हाय माझा."

हे मला लय झोंबलं. उरलेलं आयुष्य या माणसाच्या उपकाराखाली काढायचं? त्यापेक्षा गावात नाक गेलेलं बरं. उद्घाटनाच्या दिवशी मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. साहेब नट आहे, नदी खोटी आहे.

मग कडेगावहून आलेले पाहुणे म्हणाले, बापाच्या पराक्रमाचं श्रेयसुद्धा न घेणारी असली माणसं आता राहिली नाहीत. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, फोटो उलटा करून बघा. पण हार घातलेला फोटो भिंतीवरून कोण उतरवणार?

"सुभेदार, तू तरी सांग की रं."

सुभेदार छताकडं बघत होता. शब्द दिला की पाळणारा माणूस.

निदान एक तरी वस्तू खरी असावी म्हणून मी वडिलांचा तामचिनीचा मग फोटोखाली ठेवून आलो. चारीकडून टवके उडालेला, लढाईभर त्यांच्याजवळ असलेला. परवा बघायला गेलो तर मगाला पाटी लावली होती. चौथीपर्यंतचं मराठी मला येतं, ती मीच वाचली. 'साहेब याच मगातून चहा घेत.'

पाटी काढून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी नवी लागली. तीही काढून आणली. आता घरात चार झाल्यात.