उपोषणाला बसलेले लाडू

आमच्या घरात दिवाळीचा फसलेला फराळ कधी टाकून दिला नाही. मी त्याचं काहीतरी नवीन करायची आणि आमचे हे त्याचं बारसं करायचे. मऊ पडलेल्या चकल्या मी तांबड्या रश्श्यात सोडल्या, ती झाली ‘रंकाळ्यात बुडालेली चकली’. दाताला दाद न देणारी शंकरपाळी म्हणजे ‘शिरोली कास्टिंग’, कारण हे तिथल्याच लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला होते. एकदा तूप जास्त होऊन बेसनाचे लाडू बसले, तर ‘उपोषणाला बसलेले लाडू घ्या’ असं ओरडत ह्यांनी ताट गल्लीभर फिरवलं. माझा नुसता संताप व्हायचा.

आता ते माणसं विसरत चाललेत. डॉक्टर म्हणतात, यावर इलाज नाही. यंदा मी मुद्दाम तूप जास्त घातलं. लाडू पार बसले. बशी त्यांच्यापुढं आदळली आणि म्हटलं, “ठेवा की नाव!”

त्यांनी खाल्लं, बोटं चाटली आणि परक्या घरात बोलावं तसं हळूच म्हणाले, “लई चांगलं झालंय, बाई. थोडं बांधून द्या की. आमच्या बायकोला असलं जमत न्हाय.”